पाण्याकाठच्या भिंती आणि त्यांच्या पायाखालची माती

दिल्लीच्या उत्तर भागात, अरवली पर्वताच्या अगदी शेवटच्या टेकडीवर ‘हिंदूराव’ या नावाचे ठिकाण आहे. नाव मराठी आहे आणि त्याला कारणही मराठीच आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे हे मूळचे कागलकर. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा 1835 मध्ये खून झाल्यावर टेकडीवरील त्याचा वाडा हिंदूरावांनी घेतला. तेव्हापासून त्या जागेस त्यांचे नाव चिकटले. 1857 च्या वेढ्यात याच वाड्यावर इंग्रजांचे मुख्य ठाणे होते. पुढे तेथे रुग्णालय झाले, व आज दिल्लीकर हिंदूराव म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा ते रुग्णालयच असते.

या रुग्णालयाच्या आवारात एक जुनी बावली आहे. महाराष्ट्रात जिला बारव किंवा पायविहीर म्हणतात, तीच ही वास्तू. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने या टेकडीवर शिकारीचा महाल बांधला, त्या काळाशी तिचा संबंध जोडला जातो. पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच तिच्या पायऱ्यांकडे आणि बाजूच्या खोल्यांकडे जाते. परंतु अभियंत्याच्या दृष्टीने बारव म्हणजे प्रथम एक खोल खड्डा, आणि त्या खड्ड्यात माती ढासळू नये म्हणून चारी बाजूंनी उभ्या केलेल्या भिंती होत. भिंतीच्या मागे माती आणि पुढे पाणी, अशी तिची स्थिती असते. मुंबईच्या गोदीतील धक्का असो, नदीचा घाट असो की बारव असो, या सर्वांचे मूळ कोडे एकच आहे : मागची माती भिंतीला पुढे लोटते, पुढचे पाणी भिंतीला मागे रेटते, आणि या दोहोंच्या खाली जी माती आहे ती काय करील याची भिंत बांधणाऱ्याला सहसा आठवण राहत नाही.

दिल्लीतच, हिंदूरावाच्या दक्षिणेस काही कोसांवर, हजरत निजामुद्दीन यांच्या दर्ग्याशेजारी दुसरी एक प्रसिद्ध बावली आहे. ती 1321-22 च्या सुमारास बांधली गेली. जवळजवळ सातशे वर्षे ती उभी राहिली, आणि 2008 च्या पावसाळ्यात तिच्या भिंतीचा काही भाग कोसळला. त्या बावलीच्या कडांना लागून दाट वस्ती आहे. माणसे जेथे स्वयंपाक करतात व निजतात, त्या जमिनीला ती भिंत टेकू देत होती. त्यानंतर आगाखान सांस्कृतिक न्यासाने भिंतींची डागडुजी करून शतकानुशतके साचलेला गाळ माणसांच्या हातांनी उपसून काढला. सातशे वर्षे टिकलेली भिंत एका पावसाळ्यात का पडावी, हा प्रश्न कोणालाही पडेल. भिंतीचे दगड तेच असतात. बदलते ती त्यांच्या पाठीमागची व पायाखालची परिस्थिती. ती कशी तपासतात, हे या पुस्तिकेत सांगावयाचे आहे.

भिंत किती प्रकारांनी पडते

भिंतीच्या पडण्याचे तीन प्रकार गवंड्यालाही ठाऊक असतात. मातीच्या दाबाने ती पुढच्या कडेवर उलथते, पायावरून पुढे सरकते, किंवा पायाखालची जमीन दाबली जाऊन ती खचते. या तिन्हींवरचे उपायही जुने आहेत. भिंत तळाशी रुंद करावी, पाया खोल न्यावा, खालची जमीन ठोकून घट्ट करावी.

चौथा प्रकार मात्र डोळ्यांस दिसत नाही, म्हणून तो उशिरा उमगला. यात भिंतीला स्वतःला काहीच होत नाही. तिचा एक दगडही निखळत नाही. भिंत, तिच्या मागची माती, तिच्या खालची माती आणि तिच्या पुढचा नदीचा तळ हे सारे मिळून एकच ढेकूळ बनते, आणि ते ढेकूळ एखाद्या खोलगट पाळण्यात बसल्याप्रमाणे फिरत खाली जाते. मागची जमीन खचते, पुढचा तळ फुगून वर येतो. अशा वेळी भिंत जितकी जाड व भक्कम, तितके तिचे वजन अधिक. आणि ते वजन पाळण्याच्या मागच्या अंगाला पडत असेल तर तेच संकटाला हातभार लावते. भिंत मजबूत केली म्हणजे काम झाले, ही समजूत येथे उघडी पडते.

मातीच्या दाबाचे पहिले शास्त्रशुद्ध गणित कुलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याने मांडले. तो कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्याच्या कामावर कित्येक वर्षे होता. तेथील अनुभवातून सिद्ध झालेला त्याचा निबंध 1773 मध्ये पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे वाचला गेला. भिंतीमागची माती पाचरीसारखी एका सरळ तिरप्या पृष्ठावरून घसरू पाहते, अशी त्याची कल्पना होती. स्कॉटलंडमधील रँकिन याने 1857 मध्ये सुट्या मातीच्या स्थैर्याविषयी आपला प्रख्यात निबंध प्रसिद्ध केला. हिंदूरावाच्या टेकडीवरून तोफा धडधडत होत्या तेच हे वर्ष. या दोघांची रीत वाळूला व मुरुमाला चांगली लागू पडते. पण ओल्या चिकणमातीत कोसळलेले काठ नीट न्याहाळले, तर घसरण्याचे पृष्ठ सरळ नसून वाकडे असल्याचे दिसते. ही गोष्ट कालव्यांवर काम करणाऱ्या आलेक्सांद्र कोलँ या फ्रेंच अभियंत्याने 1846 मध्येच आपल्या ग्रंथात लिहून ठेवली होती. दुर्दैवाने त्याच्या ग्रंथाकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही, आणि तोच शोध सत्तर वर्षांनी दुसऱ्या देशात पुन्हा लावावा लागला.

गोटेनबर्गचा धक्का

स्वीडन देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर गोटेनबर्ग हे मोठे बंदर आहे. तेथील नदीकाठची जमीन म्हणजे हिमयुगानंतर साचलेल्या मऊ चिकणमातीचा खोल थर होय. या बंदरात स्टिगबर्ग नावाचा नवा धक्का बांधण्यात आला होता. 5 मार्च 1916 रोजी त्याचा मोठा भाग नदीच्या दिशेने सरकून गेला. बांधकाम नवे, आकडेमोड केलेली, देखरेख चोख, आणि तरीही असे घडले. हलगर्जीपणा म्हणून हात झटकता येण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

चौकशीत के. ई. पेटरसन आणि स्वेन हुल्टिन या अभियंत्यांनी घसरण्यापूर्वीची आणि घसरल्यानंतरची जमिनीची रूपे ताडून पाहिली. कोणता भाग किती खचला, कोणता किती पुढे गेला, किती कलला, यांवरून मातीच्या पोटात घसरणे कोठून झाले याची रेषा काढता आली. ती रेषा वर्तुळाच्या तुकड्यासारखी, म्हणजे चापाकृती, होती. सगळी माती एका अदृश्य आसाभोवती फिरली होती. येथून मातीच्या स्थैर्याचे गणित सोपे झाले. कारण वर्तुळाला केंद्र असते, आणि केंद्र असले की तराजूचा नियम लावता येतो.

त्या काळी स्वीडनमध्ये रेल्वेचे भराव वारंवार घसरत असत. म्हणून तेथील सरकारी रेल्वेने 1913 मध्ये वोल्मार फेलेनियस यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला होता. आयोगाचे काम चालू असतानाच, 1918 मध्ये, गेटो येथे भराव खचून प्रवासी गाडीस भीषण अपघात झाला व चाळीसहून अधिक माणसे दगावली. 1922 मध्ये आयोगाचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला. घसरचापाची रीत जगभर पसरली ती या अहवालामुळे व फेलेनियस यांच्या पुढील लेखनामुळे. आज तिला स्वीडिश रीत असेच म्हणतात.

केंद्राभोवतीचा तराजू

लहान मुलांचा सीसॉ सर्वांनी पाहिलेला असतो. जड मूल मध्याजवळ बसले आणि हलके मूल टोकाला बसले तर दोघांचा तोल साधतो. कारण फिरवण्याची शक्ती नुसत्या वजनावर अवलंबून नसून वजन गुणिले मध्यापासूनचे अंतर, यावर अवलंबून असते. या गुणाकाराला परिबल म्हणतात. घसरचापाच्या गणितात दोनच परिबले मोजावयाची असतात. मातीचे वजन जे परिबल निर्माण करते ते घसरवणारे. चापाच्या रेषेवर माती मातीला जी धरून ठेवते, त्या पकडीचे परिबल आवरणारे. आवरणाऱ्याला घसरवणाऱ्याने भागले म्हणजे सुरक्षा गुणांक येतो. तो 1 असेल तर भिंत पडण्याच्या काठावर आहे. 1 हून कमी असेल तर ती पडावयासच हवी.

एक उदाहरण आकडे घालून करून पाहिल्यास सर्व स्पष्ट होईल. मऊ चिकणमातीत बांधलेली एक उभी भिंत कल्पावी. नदीच्या तळापासून तिची उंची 6 मीटर, आणि पाया तळाच्या खाली आणखी 2 मीटर. मातीचे वजन दर घनमीटरला 1.8 टन. तिची पकड, म्हणजे शास्त्रीय भाषेत संसक्ती, दर चौरस मीटरला 2 टन. भिंतीचे वजनही सोयीसाठी मातीएवढेच धरावे, आणि भिंतीच्या लांबीतील फक्त एका मीटरचा विचार करावा.

आता भिंतीच्या दर्शनी बाजूच्या बरोबर वर, तळापासून 8 मीटर उंचीवर, एक बिंदू घ्यावा. तेथे कंपासाचे टोक रोवून 11 मीटर त्रिज्येचा चाप काढावा. हा चाप भिंतीच्या मागे सुमारे 10.8 मीटरवर जमिनीत शिरतो, भिंतीच्या पायाखालून जातो, तळाच्या खाली 3 मीटरपर्यंत उतरतो आणि भिंतीच्या पुढे सुमारे 7.5 मीटरवर नदीच्या तळातून बाहेर पडतो. त्याची एकूण लांबी 23.6 मीटर भरते.

तळाच्या पातळीखालचा मातीचा भाग केंद्राच्या दोन्ही बाजूंस सारखाच आहे. एका बाजूचे परिबल दुसऱ्या बाजूचे फेडते, म्हणून त्याचा हिशेबच करावा लागत नाही. उरतो तो तळाच्या वरचा, भिंतीच्या मागचा तुकडा. त्याचे क्षेत्रफळ 57.6 चौरस मीटर, म्हणून वजन सुमारे 104 टन. त्याचा गुरुत्वमध्य केंद्राच्या उभ्या रेषेपासून 4.84 मीटर दूर. घसरवणारे परिबल झाले सुमारे 502 टन-मीटर. पकडीचे परिबल काढण्यासाठी चापाची लांबी, संसक्ती आणि त्रिज्या यांचा गुणाकार करावयाचा : 23.6 गुणिले 2 गुणिले 11, म्हणजे सुमारे 519. सुरक्षा गुणांक 519 भागिले 502, म्हणजे 1.03.

ज्या विद्यार्थ्यांना क्षेत्रफळाचे व गुरुत्वमध्याचे सूत्र ठाऊक नाही त्यांनी निराश होऊ नये. जाड पुठ्ठ्यावर ही आकृती प्रमाणात काढून तो तुकडा कात्रीने कापावा. तो कोपऱ्यातून टाचणीने टांगावा, टाचणीवरून ओळंबा सोडून रेघ मारावी. मग दुसऱ्या कोपऱ्यातून टांगून तसेच करावे. दोन रेघा जेथे छेदतील तेथे गुरुत्वमध्य. त्याच पुठ्ठ्याचा मोजलेल्या क्षेत्रफळाचा एक चौरस कापून दोन्ही तुकडे काट्यावर तोलले की क्षेत्रफळही कळते. या मार्गाने उत्तर दोन-चार टक्क्यांच्या आत येते, आणि मातीची पकड मोजण्यात जी चूक राहते तिच्या मानाने ही चूक काहीच नव्हे.

पाणी उतरते तेव्हा

वरच्या गणितात भिंतीच्या पुढे पाणी धरलेले नाही. आता नदीत 4 मीटर पाणी आहे असे समजावे. भिंतीच्या पुढे चापाच्या आत पाण्याचा जो तुकडा येतो त्याचे क्षेत्रफळ 36.5 चौरस मीटर आहे, वजन तितकेच टन, आणि त्याचा गुरुत्वमध्य केंद्राच्या दुसऱ्या बाजूस 4.59 मीटरवर. म्हणजे पाणी सीसॉच्या पलीकडच्या टोकाला बसले आहे. त्याचे 167 टन-मीटरचे परिबल मातीच्या परिबलातून वजा होते, 335 उरतात, आणि सुरक्षा गुणांक 1.55 होतो.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत : पाणी भरलेले असताना 1.55, पाणी उतरल्यावर 1.03. भिंत तीच, माती तीच. सर्वसामान्य माणसाला वाटते की पूर आला की भिंतीला धोका आणि पूर ओसरला की धोका टळला. मऊ मातीतल्या भिंतीच्या बाबतीत अनेकदा याच्या उलट घडते. चढलेले पाणी भिंतीला पुढून हात लावून उभे असते. ते निघून गेले की हात निघून जातो.

याला जोडून आणखी एक गोष्ट घडते, आणि गाळवट व वाळूमिश्रित मातीत तीच अधिक घातक ठरते. मातीच्या कणांमध्ये सूक्ष्म पोकळ्या असतात. पुराच्या दिवसांत त्या पाण्याने भरतात. नदीचे पाणी वेगाने उतरते, पण मातीतले पाणी तितक्या वेगाने बाहेर येऊ शकत नाही. ते आत अडकून कणांना एकमेकांपासून दूर लोटत राहते. कण एकमेकांवर जितके घट्ट दाबले जातील तितके त्यांचे घर्षण. पोकळीतल्या पाण्याने दाबाचा वाटा उचलला की घर्षण तितके उणे होते. हे तत्त्व कार्ल टर्झागी यांनी मांडले, आणि 1925 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथापासून मृदायांत्रिकी हे स्वतंत्र शास्त्र समजले जाऊ लागले. पुढचा टेकू गेलेला आणि आतली पकड सैल झालेली, अशा कात्रीत भिंत सापडते. यालाच शीघ्र उतार म्हणतात.

यमुनेच्या काठी हा प्रसंग कल्पनेतला नाही. 13 जुलै 2023 रोजी दिल्लीत यमुनेची पातळी 208.66 मीटरपर्यंत चढली. 1978 चा 207.49 मीटरचा उच्चांक तिने मागे टाकला, आणि 205.33 मीटर ही धोक्याची पातळी सुमारे सव्वातीन मीटरनी ओलांडली. हिंदूरावाच्या टेकडीच्या पायथ्यापासून फार दूर नसलेल्या सिव्हिल लाइन्सच्या वस्तीत पाणी शिरले. त्यानंतर काही दिवसांत पातळी धोक्याच्या खाली आली, तेव्हा वृत्तपत्रांचे लक्ष ओसरले. काठावरच्या भिंतींची व बांधांची तपासणी करावयाची ती नेमकी त्याच दिवसांत.

भिंतीच्या माथ्यावर काय ठेवले आहे

याच उदाहरणात आणखी एक आकडा घालावा. भिंतीच्या मागच्या जमिनीवर दर चौरस मीटरला 1 टन भार आला, म्हणजे घरे उठली, मालाच्या थप्प्या लागल्या, किंवा खोदकामाची माती तेथेच ढीग करून ठेवली, तर घसरवणाऱ्या परिबलात सुमारे 58 टन-मीटरची भर पडते. पाणी असताना गुणांक 1.32 होतो, ते चालून जाईल. पाणी उतरल्यावर तो 0.93 होतो, म्हणजे भिंत उभी राहूच शकत नाही. माणसे भिंतीच्या माथ्यावर वर्षानुवर्षे राहतात ती 1.32 च्या भरवशावर, आणि 0.93 चा दिवस कधी येईल हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

जुन्या बारवांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावयास हवे. बांधली तेव्हा भोवती मोकळी जमीन होती. पुढे वस्ती दाटली, कडांवर घरे चढली, सांडपाण्याच्या मोऱ्या भिंतीमागून जाऊ लागल्या व त्यांतून पाणी पाझरू लागले. इतके होऊनही भिंती टिकल्या त्याचे एक कारण तळाशी साचलेला गाळ हे असू शकते. गाळ घाण असतो खरा, पण भिंतीच्या पायाशी तो वजनही असतो आणि टेकूही. म्हणून बारवेची सफाई हे पुण्यकर्म असले तरी ते घाईने करण्यासारखे नाही. सगळे पाणी एका दिवसात पंपाने उपसावे आणि गाळ यंत्राने खरवडून काढावा, हा उत्साह शीघ्र उताराचाच प्रयोग होय. पाणी थोडे थोडे उतरवावे, दरवेळी भिंतीमागचे पाणी झिरपून जाण्यास अवधी द्यावा, सैल भागाला आधी लाकडी टेकू द्यावेत, आणि मगच खाली जावे.

येथे गोल विहिरीची एक बाजू सांगितली पाहिजे. विहीर गोल असली की चहूकडून येणारा मातीचा दाब दगडांना एकमेकांत दाबून बसवतो. कमान आडवी ठेवावी तसे हे काम चालते. साताऱ्याजवळ लिंब येथील बारा मोटांच्या अष्टकोनी विहिरीसारखी रचना याच कारणाने आपला भार आपण पेलते. लांबट चौकोनी बावलीच्या सरळ भिंतीला ही सोय नाही. ती आपल्या वजनावर व जाडीवर विसंबते. तिची लांबी जितकी जास्त तितके मधल्या भागाला कोपऱ्यांचे साहाय्य कमी.

आणि खाली खडक असेल तर गोष्टच वेगळी. हिंदूरावाची टेकडी कठीण गारेच्या खडकाची आहे. घसरचाप अखंड खडकात शिरू शकत नाही. तो वरच्या माती-मुरुमाच्या थरातच राहतो, आणि त्यामुळे आखूड व उथळ होतो. तेथे भीती असते ती दगडांच्या सांध्यांतून झाडांची मुळे शिरून भिंत फुटण्याची, खडकाच्या भेगांतून येणाऱ्या पाण्याची, किंवा मागच्या भरावाची. निजामुद्दीनची बावली यमुनेच्या बाजूच्या सखल भूमीत आहे. एकाच शहरातल्या दोन बावल्यांना एकच उपाय लावता येत नाही तो यामुळे. दोन्ही ठिकाणी पहिले काम एकच, जमिनीत भोक पाडून खाली काय आहे ते पाहणे. या कामाला खर्च येतो, म्हणून ते टाळले जाते. गोटेनबर्गच्या काळीही पुष्कळदा टाळले जात असे.

एक चाप पुरत नाही

वर एकच चाप घेतला. पण माती काही पुस्तकातला चाप वाचून घसरत नाही. तिला जो चाप सर्वांत सोपा तो ती निवडते. म्हणून अभियंत्याला केंद्र इकडेतिकडे हलवून, त्रिज्या लहानमोठी करून, अनेक चाप तपासावे लागतात, आणि त्यांतला सर्वांत लहान गुणांक खरा मानावा लागतो. पूर्वी एका धक्क्यासाठी आकडेमोडीत आठवडे जात; आज संगणक हजारो चाप काही क्षणांत तपासतो.

माती नुसती चिकण नसून घर्षणावरही टिकणारी असेल तर आणखी एक अडचण येते. चापाच्या प्रत्येक भागावर दाब वेगळा, म्हणून घर्षणही वेगळे. त्यासाठी सगळ्या तुकड्याच्या पावाच्या कापांसारख्या उभ्या पट्ट्या पाडतात व प्रत्येक पट्टीचे वजन, तिच्या तळाचा उतार आणि तेथील पाण्याचा दाब मोजून बेरीज करतात. शेजारच्या पट्ट्या एकमेकींना जो रेटा देतात तो फेलेनियस यांनी सोडून दिला होता. ॲलन बिशप या इंग्रज संशोधकाने 1955 मध्ये तो अंशतः हिशेबात घेऊन रीत सुधारली, आणि तिचा वापर अजूनही सर्वत्र होतो. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, वृद्ध पेटरसन यांनी चापाच्या शोधाचा आरंभीचा इतिहास लिहिला, हा योगायोग मोठा गोड आहे.

सुरक्षा गुणांक साधारणपणे 1.5 असावा, आणि शीघ्र उतारासारख्या क्वचित येणाऱ्या प्रसंगी 1.3 च्या आसपास चालेल, असा अभियंत्यांचा प्रघात आहे. गुणांक कमी पडला तर भिंत जाड करून भागत नाही, हे आरंभीच सांगितले. उपाय चापाशी निगडित असावा लागतो. माथ्यावरचा भार उतरवावा, किंवा मागची जमीन पायरीपायरीने खाली आणावी. भिंतीच्या पायाशी दगड टाकावेत : वरच्याच उदाहरणात भिंतीपुढे 9 मीटर रुंदीपर्यंत दीड मीटर जाडीचा दगडांचा थर दिला, तर पाणी नसतानाही गुणांक 1.03 वरून 1.30 वर जातो. खांब ठोकावयाचे तर ते चाप ओलांडून खालच्या घट्ट थरात शिरले पाहिजेत. चापाच्या आतच संपणारे खांब मातीबरोबर स्वतःही प्रवासाला निघतात. आणि भिंतीत पाणी बाहेर पडण्यासाठी भोके ठेवावीत, त्यांच्या मागे आधी खडी व मग वाळू अशी गाळणी द्यावी, म्हणजे पाणी येईल पण माती येणार नाही. ही भोके बुजली आहेत की वाहती आहेत हे पाहण्यास अभियंता लागत नाही. पावसाळ्यात भिंत कोरडी ठणठणीत दिसत असेल तर समाधान मानू नये. पाणी आत अडकले असण्याचा संभव आहे.

धोक्याच्या खुणा

असे घसरणे बहुधा सूचना न देता येत नाही, पण सूचना वाचता आली पाहिजे. भिंतीच्या मागे काही मीटर अंतरावर, भिंतीला समांतर, जमिनीत लांब भेग पडते. ती म्हणजे चापाचे वरचे तोंड. भेगेच्या भिंतीकडील बाजूची जमीन बोटभर खाली बसते. पुढे तळ उघडा असेल तर तेथे फुगवटा दिसतो. आणि एक खूण अशी की जी पाहून माणूस फसतो : उलथणारी भिंत पुढे झुकते, पण चापावरून फिरणाऱ्या भिंतीचा पाया पुढे जातो व माथा मागे, मातीकडे, झुकतो. मागे झुकलेली भिंत भक्कम टेकून उभी आहे असे वाटते, आणि लोक तिच्याखाली निर्धास्त बसतात.

भेग वाढते आहे की जुनीच आहे, हे ठरवण्याची साधी रीत आहे. भिंतीतल्या भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांशी चुन्याने किंवा सिमेंटने बसवावी आणि शेजारी तारीख लिहावी. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. जमिनीतल्या भेगेसाठी दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकून त्यांतील अंतर दर आठवड्याला मोजावे आणि वहीत नोंदवावे. पाऊस पडल्यावर व पाणी उतरू लागल्यावर रोज. ज्या गावात जुनी बारव, तलावाचा घाट किंवा नदीकाठची भिंत आहे तेथील शाळेच्या मुलांना हे काम देता येण्यासारखे आहे. खुंट्या सुरक्षित जागी, काठापासून दूर, मोठ्या माणसांनी ठोकाव्यात. नोंदींत अंतर एकसारखे वाढताना दिसले, तर माथ्यावरची माणसे आधी हलवावीत आणि अभियंत्याला मग बोलवावे.